अनारसा हसू नये म्हणून

माळवा हा गव्हाचा मुलूख. देवास जिल्ह्यातील हाटपिपल्या हे तर नावातच ‘हाट’ वागविणारे गाव. भोवतालची काळी जमीन गहू, हरभरा आणि अलीकडच्या काळात सोयाबीन पिकविणारी. पाहुणा आला की येथे बाफले व्हावयाचे: कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडावयाचे, मग गोवऱ्यांच्या आरावर भाजावयाचे आणि तुपात बुडवून वरणाबरोबर वाढावयाचे. अशा या मुलखातील मराठी घरांत, फडताळाच्या वरच्या फळीवर, घट्ट झाकणाचा एक डबा असतो आणि त्यात तांदूळ व गूळ यांचा एक चिकट, तांबूस गोळा मुरत पडलेला असतो. ते अनारशाचे पीठ. गव्हाच्या देशात तांदळाचे पक्वान्न एवढ्या निष्ठेने का जतन केले जाते आणि यापुढेही ते जतन होईल काय, हा या महिन्याचा आमचा विषय आहे.

मराठी माणसे माळव्यात कशी आली, हे या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांनी धारजवळच्या अमझेऱ्याची लढाई जिंकली. पुढे धारला पवार, देवासला पवारांचीच थोरली आणि धाकटी पाती, इंदूरला होळकर आणि उज्जैनला शिंदे अशी घराणी स्थिरावली. त्यांच्यामागून कारकून, भिक्षुक, शिक्षक, वैद्य, शिलेदार आले. १९४८ साली ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली, १९५६ साली मध्य प्रदेश झाला. कचेऱ्यांची भाषा बदलली, मुलांच्या शाळांची भाषा बदलली. इतिहासाच्या पुस्तकांत या साऱ्याची नोंद आहे. परंतु या पुरुषांबरोबर ज्या बायका आल्या, त्यांनी देशावरून आणि कोकणातून आपल्या हातांत काय आणले याची नोंद कोणी ठेवली नाही. ती नोंद अशा डब्यांतच आहे.

परमुलखात गेलेली माणसे आपले गोड पीठ बरोबर नेतात, हे काही आपलेच वैशिष्ट्य नव्हे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात अठराव्या शतकात जर्मन कुटुंबे मोठ्या संख्येने वसली. दूध, लोणी आणि साखर घालून यीस्टने फुगविलेले पीठ लाटावयाचे, त्यावर दालचिनी पसरून गुंडाळी करावयाची आणि तिचे काप पाकाच्या थरावर ठेवून भाजावयाचे, हा त्यांचा घरगुती प्रघात. गोगलगायीसारख्या आकारावरून त्यांच्या भाषेत या पदार्थास ‘श्नेकन’ म्हणत. पुढे फिलाडेल्फिया शहरात तोच पदार्थ ‘स्टिकी बन’ या नावाने प्रसिद्धीस आला. पाकात माखलेले ते चिकट पाव आणि आमचे खसखस लावलेले अनारसे यांत दिसण्याचे साम्य काही नाही. साम्य आहे ते मुरविण्यात. दोन्ही ठिकाणी पीठ गोड आहे, दोन्ही ठिकाणी ते आंबते, आणि दोन्ही ठिकाणी घाई करणाऱ्याची फजिती ठरलेली. थंडीच्या दिवसांत तेथील पीठ फुगावयास अधिक वेळ घेते, तर येथील पीठ वैशाखाच्या झळांत पाहता पाहता सुकून जाते. प्रमाण तेच, परंतु हवा निराळी; आणि पीठ प्रमाणापेक्षा हवेचे अधिक ऐकते.

अनारसा तळणीत विरघळून पसरला, त्याची छिद्रे फाटून त्याचा चुरा झाला, म्हणजे आपल्याकडे ‘अनारसा हसला’ असे म्हणतात. मराठी भाषेने एका फसलेल्या पक्वान्नाला दिलेला हा शब्द किती समर्पक आहे! करणारीच्या डोळ्यांत पाणी असते आणि कढईत अनारसा हसत असतो. पुण्यात वा सांगलीत तो हसला तर शेजारच्या घरी विचारावयास जाता येते. तेथेही जमले नाही तर दुकानातून आणता येतात. हाटपिपल्यासारख्या गावी मराठी घरे तुरळक. एका घरातील आजीबरोबर तेथील पीठ गेले की विचारावयास दुसरे दार क्वचितच असते. महाराष्ट्रात एखाद्या घरची कृती हरविली तर ती फक्त त्या घराची हानी होय. येथे ती साऱ्या गावाच्या मराठीपणाची हानी ठरते. म्हणून कृती लिहून ठेवण्याचा आग्रह आम्ही महाराष्ट्राबाहेरील घरांसाठी अधिक धरतो.

मात्र ‘लिहून ठेवा’ एवढे म्हटल्याने भागत नाही. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ हे पुस्तक १९७० साली निघाले आणि स्वयंपाकातील प्रमाण घरोघर पोहोचले, हा त्यांचा उपकार मोठा आहे. पण अनारसा हा केवळ प्रमाणाचा पदार्थ नाही. अधिक मासाचेच पाहा. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचे. दरसाल पडणारे हे ११ दिवसांचे अंतर भरून काढण्यासाठी साधारणतः साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना अधिक धरतात. २०२० साली तो अधिक आश्विन होता, २०२३ साली अधिक श्रावण, आणि २०२६ साली १७ मे ते १५ जून असा अधिक ज्येष्ठ. म्हणजे लागोपाठच्या तीन अधिक मासांत पीठ करणारीला तीन निराळे ऋतू भेटतात: एकदा पावसाळा सरत आलेला, एकदा भर पावसाळा, एकदा ऐन उन्हाळा. तीनही वेळी वाटी तीच. तीनही वेळी पीठ मात्र वेगळे.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपला महिना अमावास्येला संपतो आणि आपल्या हिंदीभाषी शेजाऱ्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे वद्य पक्षात दोन्ही घरच्या महिन्यांची नावे जुळत नाहीत. अधिक मास मात्र दोन्ही घरी एकाच दिवशी सुरू होतो आणि एकाच दिवशी संपतो. शेजारच्या घरी पुरुषोत्तम मासाची कथा चालू असते तेव्हाच आपल्या घरी अनारशांची तळणी असते. आणि अनारसा त्यांनाही परका नाही. बिहारात गयेचा अनारसा प्रसिद्ध आहे. तिकडे खसखशीऐवजी तीळ लावतात आणि पुष्कळदा गोल गोळीच्या आकाराचा करतात.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. ३३ अनारशांच्या वाणास अर्धा किलो तांदूळ, ४०० ग्रॅम गूळ, दोन चमचे तूप आणि वर लावावयास ५० ग्रॅम खसखस एवढे साहित्य पुरते. तळणीचे तूप निराळे. तांदूळ जुना आणि जाड असावा. बासमती घेऊ नये, उकडा तर मुळीच नको. गूळ मऊ, पिवळा घ्यावा, चिकीचा नको. पूर्वी गूळ-तांदूळ देशाकडून मागविण्याची पद्धत असे. आज तशी गरज नाही. बालाघाटकडचा तांदूळ, नरसिंहपूर जिल्ह्यातील करेलीचा गूळ आणि नीमच-मंदसोरची खसखस आपल्या प्रांतातच मिळते. खसखशीच्या बाबतीत तर माळव्याने महाराष्ट्रालाच द्यावे! ज्या पिकाच्या बोंडाला चिरा देऊन अफू काढतात, त्याच बोंडात पुढे ही पांढरी बी पिकते. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईच्या बंदरातून चीनकडे जात असे; आज ही लागवड सरकारी परवान्यानेच होते. त्या कुप्रसिद्ध पिकाचे हे निरुपद्रवी दाणे अनारशाच्या पाठीवर खमंग भाजले जातात. तेव्हा आमचा अनारसा पुण्याच्या अनारशाची नक्कल आहे, असे कोणी समजू नये. त्याचे बीज देशावरचे असेल, परंतु त्याचा देह मध्य प्रदेशाचा आहे.

तांदूळ तीन वेळा धुऊन, बुडून वर चार बोटे राहील एवढ्या पाण्यात तीन दिवस भिजत घालावा. पाणी रोज बदलावे. ही भिजवण केवळ दाणा मऊ करण्यासाठी नसते. या तीन दिवसांत तांदूळ किंचित आंबतो. पाण्यावर बारीक फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. पुढे तळणीत जी जाळी पडते तिची तयारी येथूनच होते. उन्हाळ्यात मात्र माळव्यात एकदा पाणी बदलून पुरत नाही. सकाळ-संध्याकाळ बदलावे आणि भांडे घरातील सर्वांत थंड खोलीत ठेवावे. आंबूस वास चांगला, कुजका वास नव्हे. उलट दिवाळीच्या सुमारास थंडी लवकर पडली असेल तर चौथा दिवसही द्यावा.

चौथ्या दिवशी तांदूळ चाळणीत निथळून स्वच्छ पंचावर सावलीत पसरावा. सारे यश या एका पायरीवर अवलंबून आहे. कोकणच्या दमट हवेत तांदूळ पंचावर कित्येक तास पडून राहिला तरी ओलसरच राहतो. ज्येष्ठातील माळव्यात लू वाहत असताना तो खिडकीजवळ पसरला, तर थोड्याच वेळात खडखडीत होतो. आणि असा तांदूळ दळला की पीठ कोरडे होऊन गुळाला धरत नाही. म्हणून उन्हाळ्यात खिडक्या लावून आतल्या खोलीत पसरावा आणि दर दहा मिनिटांनी हात लावून पाहावा. श्रावणात याच्या उलट: पंचा दुहेरी घ्यावा, पंखा लावावा, आणि घाई करू नये. घड्याळाकडे पाहण्यापेक्षा खूण ओळखावी. मूठभर तांदूळ हातात दाबून सोडला असता तळहाताला ओल जाणवावी, पण पाणी दिसू नये. चार दाणे तळहाताला चिकटावे, बाकीचे सुटे पडावे.

पूर्वी तो उखळात कांडीत. आता मिक्सरमधून थोडा थोडा काढावा; पिठाच्या गिरणीत ओला तांदूळ कोणी घेत नाही, आणि घेतला तरी गव्हाचा अंश मिसळतो. मैद्याच्या चाळणीने पीठ चाळावे. ते मुठीत दाबले असता मूठ उमटली पाहिजे. गूळ बारीक किसून, दोन चमचे तूप घालून पिठात हाताने एकजीव करावा. पाण्याचा थेंबही घालू नये. पहिल्या दिवशी हे मिश्रण भुरभुरीत वाटते आणि नवख्या हाताला पाणी घालण्याचा मोह होतो. तो आवरावा. गूळ पिठातील ओलावा ओढून घेतो आणि सैल पडतो. काल जे कोरडे होते ते आज मऊ व परवा चिकट झालेले आढळेल. पाणी घातलेले पीठ परवा खिरीसारखे होईल आणि मग अनारसा हसल्यावाचून राहणार नाही.

पिठाचे दोन-तीन गोळे करून घट्ट झाकणाच्या डब्यात दाबून ठेवावेत. निदान चार-पाच दिवस मुरू द्यावे. त्याहून अधिक मुरले तर उत्तमच. गुळाच्या प्रमाणामुळे हे पीठ सहसा बिघडत नाही. ओला हात किंवा ओला चमचा डब्यात जाऊ नये, एवढेच पथ्य.

तळावयाच्या दिवशी लागेल तेवढेच पीठ काढून मळावे. कोरडे वाटले तर चमचाभर दूध किंवा पिकल्या केळ्याचा लहानसा तुकडा पुरतो. लहान लिंबाएवढी गोळी घेऊन खसखशीवर बोटांनी थापावी. मध्यम तापलेल्या तुपात अनारसा सोडताना खसखशीची बाजू वर ठेवावी. तो उलटावयाचा नाही. झाऱ्याने तूप वर उडवीत राहावे. जाळी फुलली आणि कडा तांबूस झाल्या की काढून चाळणीत उभा तिरपा ठेवावा, म्हणजे तूप निथळते. काढताना तो मऊच असतो. गार झाल्यावर खुसखुशीत होतो. एका वेळी एकच तळावा. ३३ अनारशांना वेळ लागतो, हे मान्य. परंतु या पदार्थात वेळ हेच साहित्यातील पाचवे द्रव्य आहे.

पहिला अनारसा नेहमी परीक्षेचा समजावा. तो तुपात पसरला तर पीठ सैल झाले आहे किंवा गूळ अधिक पडला आहे. याच कारणासाठी दोन मुठी ओलसर तांदळाचे पीठ गुळाशिवाय बाजूला, थंड जागी ठेवावे आणि त्यातील थोडे मिसळावे. जाळी न पडता तो दडस राहिला तर पीठ कोरडे आहे किंवा पुरेसे मुरलेले नाही. बाहेरून काळवंडून आत कच्चा राहिला तर तूप फार तापले आहे. आणि तूप फार थंड असेल तर सैल नसलेला अनारसाही विरघळतो. विकतचे तयार पीठ आणण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. नोकरी करणाऱ्या भगिनींना तीन दिवस तांदळाची राखण करणे नेहमीच शक्य नसते. मात्र ते पीठ बहुधा कोरडे असते. दुधाचा हात लावून ते आठ-दहा तास झाकून ठेवावे आणि मग तळावे.

आता वाणाविषयी दोन शब्द. अधिक मासात जावयाला ३३ अनारशांचे वाण देण्याची आपली चाल आहे. दरसाल ११ दिवस याप्रमाणे तीन वर्षांचे ३३, असा या संख्येचा एक अर्थ सांगितला जातो. जाळीदार पदार्थ द्यावा असा संकेत असल्याने अनारसे, बत्तासे यांची निवड होते. या चालीत एक शहाणपण होते. तांदूळ, गूळ आणि तूप ही गरीब घरातही जुळविता येणारी सामग्री. त्यामुळे श्रीमंताचे वाण आणि गरिबाचे वाण ताटात सारखेच दिसे. फरक पडलाच तर तो जाळीचा, आणि जाळी पैशाने विकत मिळत नाही. हल्ली मात्र या वाणाभोवती चांदीचे ताट, चांदीची निरांजने, कपडे, क्वचित सोन्याची अंगठी असे काय काय जमू लागले आहे. अनारसे दुकानातून येतात आणि चांदीकडे सर्वांचे लक्ष असते. अधिक मास आला की मुलीच्या आई-वडिलांना धास्ती वाटावी, हे कोणत्या धर्मात बसते? जावयाच्या ठिकाणी विष्णूची भावना धरून द्यावयाचे वाण त्याच्या आईने तोलून घ्यावे, यासारखे विसंगत काही नाही. आमचे स्पष्ट मत आहे की, घरी केलेले ३३ अनारसे आणि एक साधा दिवा एवढे वाण पूर्ण आहे. ज्यांना मुलगे आहेत त्यांनी हे आधी बोलून दाखवावे. मुलीच्या घरच्यांना ते बोलता येत नाही.

आणखी एक सुचवावेसे वाटते. हे पीठ केवळ मुलीलाच शिकवावयाचे, असा जो समज आहे तो आता सोडावा. मुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी बंगळूर, पुणे किंवा परदेशी जातात, तसेच मुलगेही जातात. परगावी जाणारा मुलगा अनारशाचे पीठ करावयास शिकून गेला तर त्यात काय बिघडले? पुढेमागे तो जावई होईल तेव्हा ताटातील जाळी पाहून तिच्यामागचे चार दिवसांचे श्रम त्याला कळतील. असा जावई चांदीकडे पाहणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

घरात ज्यांच्या हाताला हे पीठ ठाऊक आहे अशी वडील मंडळी असतील, तर त्यांना केवळ ‘प्रमाण सांगा’ असे म्हणू नये. त्या बहुधा ‘अंदाजाने घालते गं’ एवढेच सांगतील आणि ते खरेच असते. त्यांच्याबरोबर अर्धा किलोचे पीठ करावयास बसावे. त्यांनी घातलेला गूळ आधी तोलून घ्यावा. आणि वहीत चार गोष्टी लिहाव्यात: महिना व हवा कशी होती, तांदूळ पंचावर किती वेळ राहिला, पहिल्या आणि पाचव्या दिवशी गोळा हाताला कसा लागला, आणि पहिला अनारसा कसा झाला. हसला असेल तर तेही लिहावे. ऋतूगणिक अशी एकेक नोंद होत गेली, की तीन-चार वर्षांत त्या घरची, त्या गावची आणि तेथल्या हवेची अशी स्वतःची कृती तयार होते. ती पुण्याच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. कारण पुण्याच्या पुस्तकाला माळव्याचे ऊन ठाऊक नाही.

दिवाळीपूर्वी पंधरा दिवस हे काम करण्यास उत्तम. हवा ना दमट ना तापलेली, आणि मुले सुटीसाठी घरी येण्याच्या बेतात. तांदूळ अर्धा किलोच घ्यावा, अधिक नको. आणि वही जवळ ठेवावी.